कृष्णधवल फिल्मचा डेव्हलपर : विकासकांचे रसायन आणि द्रावण तयार करण्याची रीत

कॅमेऱ्यातून काढलेल्या फिल्मवर प्रतिमा उमटलेली असते, पण ती डोळ्यांना दिसत नाही. जिलेटिनच्या थरात विखुरलेल्या सिल्व्हर हॅलाइडच्या ज्या स्फटिकांवर पुरेसा प्रकाश पडतो, त्यांच्यावर चांदीच्या मोजक्या अणूंचा एक सूक्ष्म पुंजका तयार होतो. या पुंजक्यांच्या समूहालाच अप्रकट प्रतिमा म्हणतात. डेव्हलपरचे काम हे पुंजके हेरून त्या त्या स्फटिकातील सगळ्या चांदीचे क्षपण करण्याचे असते. विकासकाचा रेणू इलेक्ट्रॉन देतो, पुंजका ते स्वीकारून स्फटिकातील चांदीच्या आयनांकडे पोहोचवतो आणि काही मिनिटांत मोजक्या अणूंच्या जागी काळ्या धातुरूप चांदीचा अख्खा कण उभा राहतो.

मात्र प्रकाश न लागलेल्या स्फटिकांचेही क्षपण विकासक करू शकतो, फक्त त्याला जास्त वेळ लागतो. निगेटिव्हवर प्रतिमा दिसते ती या दोन वेगांमधल्या फरकामुळे, आणि हा फरक पुसट झाला की सगळ्या फिल्मवर करडा धुरकटपणा, म्हणजे फॉग, चढतो. म्हणूनच डेव्हलपरचे कोणतेही सूत्र वाचताना त्यात कोणता विकासक आहे एवढेच पाहून थांबू नये. त्या विकासकाला किती अल्क, किती सल्फाइट आणि किती तापमान दिले आहे हेही पाहावे. मेटॉल हे एकच विकासक रसायन एका सूत्रात मऊ, बारीक दाण्यांचे निगेटिव्ह देते आणि दुसऱ्या सूत्रात छपाईच्या कागदासाठीचा जलद, जोरकस डेव्हलपर बनते, ते या सोबत्यांमुळेच. (या लेखात विकासक म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ आणि डेव्हलपर म्हणजे तयार द्रावण, असा भेद पाळला आहे.)

विकासक कोण होऊ शकतो?

बेंझिनच्या कड्यावर दोन हायड्रॉक्सिल गट असलेली तीन संयुगे आहेत : कॅटेकॉल, रिसॉर्सिनॉल आणि हायड्रोक्विनोन. तिघांचे रेणुसूत्र एकच आहे. कॅटेकॉलमध्ये हे गट शेजारी शेजारी असतात, हायड्रोक्विनोनमध्ये समोरासमोर, तर रिसॉर्सिनॉलमध्ये एक जागा सोडून. पहिले आणि तिसरे उत्तम विकासक आहेत. रिसॉर्सिनॉल मात्र नेहमीच्या डेव्हलपरच्या परिस्थितीत विकासक म्हणून निरुपयोगी ठरते. दोन इलेक्ट्रॉन देऊन झाल्यावर रेणूला क्विनोनसारख्या स्थिर रचनेत विसावता आले पाहिजे, आणि एक जागा सोडून बसलेल्या गटांना अशी रचना करता येत नाही. हायड्रॉक्सिलच्या जागी अमिनो गट आला तरी हाच नियम चालतो. पॅरा-अमिनोफिनॉल आणि त्याचा मिथिलयुक्त भाऊबंद मेटॉल हे त्याच घराण्यातले.

हायड्रोक्विनोनचा हा गुण १८८० मध्ये विल्यम ॲबनी यांनी दाखवून दिला. पॅरा-अमिनोफिनॉलवर आधारलेले रोडिनाल आणि मेटॉल ही दोन्ही १८९१ च्या सुमारास बाजारात आली, फेनिडोनचा विकासक म्हणून उपयोग १९४० मध्ये इल्फर्डच्या प्रयोगशाळेत लक्षात आला आणि व्हिटॅमिन सीच्या जातकुळीतल्या विकासकावर आधारलेले कोडॅकचे एक्सटॉल १९९६ मध्ये आले. शंभराहून अधिक वर्षांच्या या काळात विकासक म्हणून शेकडो पदार्थ तपासले गेले. रोजच्या वापरात टिकले ते बोटांवर मोजण्याइतके.

मेटॉल आणि हायड्रोक्विनोनची जोडी

मेटॉल लवकर कामाला लागते. द्रावण थोडेसेच अल्कधर्मी असले तरी त्याला पुरते. छायाभागातील तपशील ते लगेच उमटवते, पण घनता, म्हणजे निगेटिव्हवरचा काळेपणा, सावकाश वाढवते, त्यामुळे कॉन्ट्रास्ट बेताचा राहतो. हायड्रोक्विनोनचा स्वभाव याच्या उलट आहे. ते सुरुवातीला बराच वेळ निष्क्रिय दिसते आणि एकदा सुरू झाले की उजळ भागांची घनता झपाट्याने वाढवते. याचे कारण असे की हायड्रोक्विनोनचा अखंड रेणू जवळजवळ काहीच करत नाही. त्याचे हायड्रोजन आयन निघून जाऊन तो ऋणभारित झाला तरच इलेक्ट्रॉन देतो, आणि त्यासाठी द्रावणाचा पीएच १० च्या वर असावा लागतो. थंडीही त्याला मानवत नाही : साधारण १२-१३ अंश सेल्सिअसखाली ते आपले काम जवळपास सोडूनच देते.

ही दोन्ही एकत्र आली की मिळणारा वेग दोघांच्या स्वतंत्र वेगांच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त असतो. चांदीच्या पुंजक्यापाशी मेटॉल इलेक्ट्रॉन देते आणि स्वतः ऑक्सिडीभूत होते. हे ऑक्सिडीभूत मेटॉल तसेच साचू दिले तर काम मंदावते, पण जवळच असलेले हायड्रोक्विनोन त्याला पुन्हा मूळ रूपात आणते आणि ते लगेच पुढच्या इलेक्ट्रॉनसाठी तयार होते. स्फटिकाशी थेट भिडणारे मेटॉल आणि त्याला मागून रसद पुरवणारे हायड्रोक्विनोन, अशी ही कामाची वाटणी आहे. म्हणूनच सूत्रात मेटॉल थोडे आणि हायड्रोक्विनोन त्याच्या काही पट, असे प्रमाण बहुतेक ठिकाणी आढळते.

हे वाचून पटण्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे अधिक उपयोगाचे आहे आणि त्याला अंधाऱ्या खोलीची गरज नाही. ३५ मिलिमीटर फिल्मच्या रोलचे तोंड, जे कॅमेऱ्यात भरतानाच उजेड खाते, त्याचे तीन लहान तुकडे कापावेत. तीन काचपात्रांत प्रत्येकी १०० मिलिलिटर पाणी घ्यावे. पहिल्यात ०.२ ग्रॅम मेटॉल, दुसऱ्यात ०.५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि तिसऱ्यात दोन्ही त्याच मापाने विरघळवावे. त्यानंतर तिन्हींमध्ये प्रत्येकी १० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाइट आणि ०.२ ग्रॅम बोरॅक्स घालावे. द्रावणे खोलीच्या तापमानाला आली की एकाच वेळी तुकडे सोडावेत. पहिल्या पात्रातील तुकडा हळूहळू काळवंडतो, तिसऱ्यातील त्याच्या पुढे जातो आणि दुसऱ्यातील तुकडा जवळजवळ जसाच्या तसा राहतो. आता दुसऱ्या पात्रात चमचाभर धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, घालून ढवळावे. काही वेळ काहीच घडत नाही, मग कडेपासून काळेपणा सुरू होतो आणि एकदा सुरू झाल्यावर तो भराभर पसरतो. द्रावणात आधीपासूनच असलेले हायड्रोक्विनोन कशाची वाट पाहत होते ते यातून इतके स्पष्ट कळते की पुढे कोणतेही सूत्र वाचताना नजर आपोआप प्रथम अल्काकडे जाते.

सल्फाइट, अल्क आणि अवरोधक

सोडियम सल्फाइट साधारणपणे परिरक्षक म्हणून ओळखले जाते, आणि हवेतील ऑक्सिजनपासून विकासकाचे रक्षण ते करतेच. पण तेवढीच त्याची ओळख करून देणे अपुरे आहे, असे मला वाटते. विकासक ऑक्सिडीभूत झाल्यावर तयार होणाऱ्या क्विनोनला पकडून सल्फाइट त्याचे रंगहीन सल्फोनेट बनवते, त्यामुळे फिल्मवर डाग पडत नाहीत आणि कामही अडत नाही. शिवाय लिटरला १०० ग्रॅम इतक्या प्रमाणात ते सिल्व्हर हॅलाइडच्या स्फटिकांच्या कडा किंचित विरघळवते, त्यामुळे दाणा मऊ आणि बारीक दिसतो, मात्र कडांची धार थोडी बोथट होते. आणि ते स्वतः सौम्य अल्कधर्मीही आहे. डी-२३ या सूत्रात केवळ ७.५ ग्रॅम मेटॉल आणि १०० ग्रॅम सल्फाइट एक लिटर पाण्यात असते, वेगळे अल्क नसतेच, तरी ते उत्तम चालते, ते यामुळेच.

अल्क विकासकाचा वेग ठरवते. बोरॅक्सने पीएच साडेआठ-नऊच्या आसपास राहतो, सोडियम कार्बोनेटने दहाच्या वर जातो आणि कॉस्टिक सोड्याने त्याहून बराच वर. विकासाच्या क्रियेत हायड्रोजन आयन बाहेर पडतात, म्हणून अल्काने पीएच नुसता वाढवून भागत नाही, तो टिकवूनही धरावा लागतो.

पोटॅशियम ब्रोमाइड हा अवरोधक प्रकाश न लागलेल्या स्फटिकांना विशेषकरून मागे ठेवतो. फिल्म विकसित होताना तिच्यातूनही ब्रोमाइड सुटते, त्यामुळे सौम्य सूत्रांत ते वेगळे घालावे लागत नाही. फेनिडोनवर ब्रोमाइडचा प्रभाव कमी पडतो. तेथे बेंझोट्रायझोल वापरतात.

डी-७६ तयार करणे

स्वतः द्रावण बनवण्याची सुरुवात डी-७६ ने करावी असे मी आग्रहाने सांगेन. कोडॅकने १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेले हे सूत्र आजही फिल्मच्या चाचण्यांत तुलनेसाठी वापरले जाते आणि इल्फर्डचे आयडी-११ हे त्याच सूत्राचे आहे. एक लिटरसाठी मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम लागते.

खरेदी करताना नावे काळजीपूर्वक वाचावीत. सल्फाइट, सल्फेट आणि सल्फाइड ही तीन निरनिराळी रसायने आहेत; सल्फेटने काहीच होणार नाही आणि सल्फाइडने फिल्म वाया जाईल. क्षार निर्जल आहे की जलयुक्त, हेही पाहावे : सात जलरेणू असलेले सोडियम सल्फाइट मिळाले तर १०० ग्रॅमच्या जागी २०० ग्रॅम घ्यावे लागते, आणि दहा जलरेणूंचा धुण्याचा सोडा निर्जल सोड्याच्या २.७ पट घ्यावा लागतो. मेटॉल मोजण्यासाठी ०.१ ग्रॅमपर्यंत अचूक काटा हवा. वजन करताना हातमोजे आणि मास्क घालावा, कारण मेटॉलमुळे काही जणांच्या त्वचेवर चिवट पुरळ उठते आणि हायड्रोक्विनोनची धूळ डोळ्यांना घातक असते. स्वयंपाकाची भांडी या कामासाठी घेऊ नयेत.

मोठ्या पात्रात सुमारे ५० अंश सेल्सिअसचे ७५० मिलिलिटर पाणी घ्यावे. नळाच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर डिस्टिल्ड पाणी वापरावे. मोजून ठेवलेल्या सल्फाइटमधील चिमूटभर आधी पाण्यात टाकावे, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मेटॉलवर जाण्याआधी त्याच्यावर खर्च होईल. मग मेटॉल घालून ते पूर्ण विरघळेपर्यंत थांबावे. येथे घाई करू नये, कारण सल्फाइटच्या तीव्र द्रावणात मेटॉल विरघळत नाही, आणि क्रम उलटा झाला तर पांढरे कण द्रावणात तरंगत राहतात व कितीही ढवळले तरी हटत नाहीत. मेटॉलचा शेवटचा कण दिसेनासा झाला की उरलेले सल्फाइट थोडे थोडे करून, सतत ढवळत घालावे. एकदम ओतले तर त्याचा दगडासारखा गोळा बसतो. त्यानंतर हायड्रोक्विनोन आणि शेवटी बोरॅक्स घालावे. ढवळताना फेस होईल इतक्या जोराने घुसळू नये, कारण त्याने हवाच आत जाते. शेवटी थंड पाणी घालून एक लिटर भरावे. द्रावण पाण्यासारखे स्वच्छ, फार तर अगदी फिकट पिवळसर झाक असलेले असावे. काचेच्या बाटल्यांत काठोकाठ भरून ते रात्रभर ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी वापरावे.

या सूत्राचा पीएच साडेआठच्या आसपास असतो आणि एवढ्या पीएचला हायड्रोक्विनोन स्वतः फारसे काही करत नाही, हे तीन पात्रांच्या प्रयोगात आपण पाहिले. हायड्रोक्विनोन पूर्ण वगळून मेटॉल २.५ ग्रॅम केले तरी जवळपास तेच परिणाम देणारा डेव्हलपर मिळतो. ज्यांच्याकडे हायड्रोक्विनोन नाही त्यांनी हे सूत्र निःशंकपणे वापरावे.

वापर

डी-७६ जसेच्या तसे वापरले तर दाणा सर्वात मऊ मिळतो. त्यात तितकेच पाणी मिसळून वापरले तर सल्फाइट लिटरला ५० ग्रॅमवर येते, स्फटिकांच्या कडा कमी विरघळतात आणि प्रतिमेला धार येते. असे पातळ द्रावण एकदाच वापरून टाकून द्यावे. प्रत्येक रोलला ताजे द्रावण मिळाल्याने परिणामही सारखे राहतात. मी याच पद्धतीची शिफारस करतो. कोडॅकच्या ट्राय-एक्स ४०० साठी २० अंश सेल्सिअसला मूळ द्रावणात ६ मिनिटे ४५ सेकंद आणि निम्म्या पातळ द्रावणात ९ मिनिटे ४५ सेकंद हा आरंभबिंदू धरावा. एका रोलमागे पातळ द्रावण २५० मिलिलिटरच्या आसपासच असेल तर वेळ दहा टक्क्यांनी वाढवावा, कारण तेवढ्यात विकासकाचा साठा तोकडा पडू लागतो.

तापमान एका अंशाने वाढले की वेळ साधारण आठ ते दहा टक्क्यांनी कमी करावा लागतो. पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ येत असेल तर द्रावण पातळ करावे किंवा थंड करावे, कारण एवढ्या थोड्या वेळात फिल्मवर सगळीकडे सारखा विकास होणे कठीण असते. फिल्म आणि द्रावण भरलेला बंद टँक पहिली ३० सेकंद सतत आणि पुढे दर ३० सेकंदांनी पाच सेकंद उलटसुलट करावा. या हलवण्यालाही रासायनिक अर्थ आहे : उजळ भागांजवळचा विकासक लवकर संपतो आणि तेथे ब्रोमाइड साचते, तर छायाभागाजवळचा विकासक ताजाच असतो. जास्त हलवल्याने उजळ भागांना नवा विकासक मिळून कॉन्ट्रास्ट वाढतो, कमी हलवल्याने तो आटोक्यात राहतो. हलवणे बंदच ठेवले तर मात्र ब्रोमाइड खाली ओघळून पट्टे पडण्याचा धोका असतो.

वेळ संपताच डेव्हलपर ओतून एक ते दोन टक्के ॲसेटिक आम्लाचे द्रावण घालावे. पीएच खाली गेला की विकासकाचे रेणू पुन्हा निष्क्रिय होतात आणि क्रिया थांबते. त्यानंतर हायपोने, म्हणजे सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणाने, उरलेले सिल्व्हर हॅलाइड विरघळवून फिल्म नीट धुवावी.

वाळलेल्या निगेटिव्हमध्ये आधी छायाभाग तपासावेत. तेथे काचेसारखी कोरी जागा असेल तर एक्स्पोजर कमी पडले आहे. विकासाची वेळ वाढवून तो तपशील मिळणार नाही, कारण जेथे पुंजकेच तयार झाले नाहीत तेथे विकासकाला करण्यासारखे काही नसते. छायाभाग ठीक असून उजळ भाग छपाईत कोरे जात असतील, तर पुढच्या वेळी विकासाचा वेळ दहा-पंधरा टक्क्यांनी घटवावा.

इतर विकासक

फेनिडोन मेटॉलच्या साधारण दहाव्या भागात पुरते, त्वचेला कमी त्रास देते आणि हायड्रोक्विनोनबरोबर किंवा व्हिटॅमिन सीबरोबर तितकीच घट्ट जोडी जमवते. ते थंड पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून गरम पाण्यात किंवा थोड्या अल्कोहोलमध्ये आधी विरघळवावे. व्हिटॅमिन सी विषारी नाही आणि दाणा बारीक देते, पण तिचे ऑक्सिडीभवन झाल्यावर आम्ल तयार होत असल्याने अल्क भरपूर लागते, आणि पाण्यातील लोहाच्या अंशाने ती नासते, म्हणून तेथे डिस्टिल्ड पाणी आवश्यकच आहे. कॉस्टिकयुक्त रोडिनालची तीव्र बाटली वर्षानुवर्षे टिकते आणि एकास पन्नास प्रमाणात पातळ केल्यावर ठळक दाणा व उत्तम धार देते. पायरोगॅलॉलची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या सूत्रांत सल्फाइट मुद्दाम अगदी कमी ठेवतात. ऑक्सिडीभूत पायरोगॅलॉल जिलेटिनला कमावून घट्ट करते आणि चांदीच्या प्रमाणात पिवळसर-तपकिरी डाग सोडते, जो छपाईत घनतेसारखाच काम करतो. त्याची निगेटिव्ह देखणी असतात, परंतु ते विषारी आहे आणि त्वचेतून शरीरात जाते, म्हणून वजनकाट्याचा आणि हातमोज्यांचा सराव पक्का झाल्यावरच त्याच्याकडे वळावे.

साठवण आणि तपासणी

पूर्ण भरलेल्या, घट्ट बंद बाटलीत डी-७६ सहा महिने टिकते, अर्ध्या भरलेल्या बाटलीत दोन महिने. त्यातही एक बारकावा आहे. हवेने हायड्रोक्विनोनचे ऑक्सिडीभवन होऊन सल्फाइटशी संयोग होतो तेव्हा अल्क मुक्त होते, आणि बोरॅक्स थोडेच असल्याने पीएच हळूहळू चढतो. त्यामुळे काही आठवडे ठेवलेले द्रावण कमजोर न होता उलट अधिक तेज झालेले असू शकते. नेमकेपणा हवा असेल तर २ ग्रॅम बोरॅक्सऐवजी ८ ग्रॅम बोरॅक्स आणि ८ ग्रॅम बोरिक आम्ल घालावे, म्हणजे पीएच स्थिर राहतो, मात्र विकासाची वेळ नव्याने ठरवून घ्यावी लागते.

द्रावण तपकिरी झाले तर टाकून द्यावे. पण व्हिटॅमिन सीचे द्रावण रंग न बदलताच मरते, म्हणून रंगावर विसंबू नये. द्रावण ताजे असतानाच त्याच्या थोड्याशा भागात उजेड खाल्लेल्या फिल्मचा तुकडा अर्धा बुडवून तो गडद काळा व्हायला किती वेळ लागतो ते मोजावे, आणि तो वेळ, तापमान व तारीख बाटलीवर लिहून ठेवावी. पुढे प्रत्येक वेळी रोल टँकमध्ये भरण्यापूर्वी तीच चाचणी त्याच तापमानाला पुन्हा घ्यावी, आणि तुकडा काळा व्हायला लिहिलेल्या वेळेच्या दीडपट वेळ लागू लागला की ती बाटली रिकामी करावी.